भांडी घासण्याची रीत: रत्नागिरीची मोरी, मचवा आणि फिरते घर

भांडी घासण्याच्या कामाचे चार टप्पे असतात: खरकटे काढणे, घासणे, विसळणे आणि निथळत ठेवणे. घासण्याचा टप्पा नजरेत भरतो आणि साबणाच्या जाहिराती त्याच्याभोवतीच फिरतात; पण पाणी खातो तो विसळण्याचा टप्पा. रत्नागिरी जिल्ह्यात या कामाची रीत साबणाने ठरवलेली नाही, पाण्याने ठरवली आहे. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभा दगड सच्छिद्र, जमिनीचा उतार समुद्राकडे, त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. मार्च सरता सरता विहिरी तळाला जातात आणि मे महिन्यात अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. श्रावणात पागोळीखाली भांडी मांडून ठेवणारे घर मे महिन्यात तीच भांडी दोन-चार तांब्यांत आवरते. एकाच घरात वर्षाकाठी दोन रिती नांदतात.

जुन्या कोकणी घरात हे काम मागील दारी चालते. विहीर किंवा न्हाणी जवळ असते, खाली जांभ्याची फरसबंदी, बाजूला पाण्याची दगडी डोण. घासायला चुलीतली राख आणि नारळाचे सोडण. सोडणाचा तुकडा ठेचून त्याचा काथ्या मोकळा केला की चोथा तयार होतो. तो झिजला की चुलीत जातो आणि त्याचीही राख होते. घराघरात गॅस आल्यावर राख संपायला हवी होती, पण कोकणात ती अजून मिळते. आंघोळीचे पाणी अनेक घरांत न्हाणीच्या चुलीवरच तापते आणि तिला झावळ्या, सोडणे, करवंट्या, वाळका पातेरा असे आगरातले फुकटचे जळण पुरते. स्वयंपाकघरातली चूल विझली तरी मोरीवरची राखेची डबी भरलेली राहिली ती यामुळे.

राखेचे काम दुहेरी आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओलसर राख तेलकट भांड्यावर चोळली की हा क्षार तेलाच्या काही भागाचा जागच्या जागी साबण करतो आणि राखेचे बारीक कण उरलेला थर खरवडतात. सराईत हात राख आधी कोरडीच टाकतो, म्हणजे ती तेल शोषून घेते. पाण्याचा हबका नंतर. आधी पाणी ओतले तर तेल भांडेभर पसरते आणि राख दुप्पट लागते. दगडी कोळशाच्या राखेत हा गुण फारसा नाही. क्षार आणि आम्ल यांनी धातूची भांडी शुद्ध करावीत, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही सांगितले आहे. म्हणजे ही जोडी निदान तेवढी जुनी आहे. मात्र राख निसर्गातली म्हणून सौम्य, हा समज खरा नाही. तिच्यातल्या क्षाराने बोटांना भेगा पडतात, नखे ठिसूळ होतात, आणि जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी काळवंडून खडबडीत होतात. मातीने घासण्याची चालही सर्वत्र होती. तिला क्षाराचा गुण नाही, फक्त खरवडण्याचा आहे, आणि गोठ्याजवळची माती असेल तर जंतांची अंडी भांड्यावर येण्याची भीती आहे. राख आगीतून निघालेली असते, त्यामुळे तिला ही खोट नाही.

तांब्या-पितळेचा प्रश्न वेगळा. त्यांच्यावर चढतात ती काळपट पुटे धातूच्या ऑक्साइडची असतात आणि हवा दमट, खारी असल्याने किनाऱ्यावर ती फार लवकर चढतात. क्षाराने ती निघत नाहीत, आम्लाने निघतात. देशावर त्यासाठी चिंच वापरतात. रत्नागिरीत चिंचेच्या जोडीला आमसूल आहे. आमटीत वापरून झालेली आमसुले फेकून न देता त्यांनी देवाची ताम्हने आणि पळ्या-पंचपात्र्या उजळायच्या, त्यावर चिमूटभर मीठ टाकायचे, ही काटकसर अगदी इथली. कोकमातल्या आम्लाला हे काम सहज जमते. आम्ल लावून भांडे तसेच ठेवले तर मात्र हिरवट डाग उठतात, म्हणून लगेच विसळून कोरड्या फडक्याने पुसावे लागते. हीच गरज हेरून ठाण्याच्या पितांबरी उद्योगाने १९८९ नंतर तांब्या-पितळेची पावडर घरोघर नेली. त्यामुळे चिंच भिजत घालण्याचा वेळ वाचला; आम्लाचे तत्त्व जुनेच राहिले.

पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचे तर आतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून धातूचा पृष्ठभाग साफ करतो आणि कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पातळ थर ओढतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोळशाच्या भट्टीवर हे काम पाहता पाहता होते. पण कथील मऊ आहे. कल्हईच्या भांड्याला राखेने जोर लावून घासले की थर महिन्यांऐवजी आठवड्यांत उडतो. म्हणून अशा भांड्याचे पोट हलक्या हाताने धुवायचे आणि बूड मात्र खसाखसा घासायचे, हा नियम घासणाऱ्या बाईला शिकवावा लागत असे.

स्टीलने हा सगळा व्याप मिटवला. गंज नाही, कल्हई नाही, चिंच नाही, आणि फुटण्याची भीतीही नाही. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणीने ते शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचवले. निर्लेपने उलट दिशेने नवा नियम आणला. औरंगाबादच्या ज्या कारखान्याने १९६८ पासून न चिकटणारे तवे विकले, त्याचे नावच पुढे मराठीत त्या प्रकारच्या सगळ्या भांड्यांना लागले, आणि राख, काथ्या, तारेची घासणी या तिन्हींना प्रथमच मज्जाव झाला. बिडाचा तवा आणि मातीचे भांडे हे दोन जुने अपवाद मात्र टिकून आहेत. घावन-आंबोळीच्या बिडाच्या तव्याला साबण लावला तर तेल मुरून झालेला थर जातो आणि पुढचे घावन चिकटते. तो कोमट पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवतात. माशांच्या आमटीचे मडके सच्छिद्र असते. साबण त्यात मुरतो आणि पुढच्या आमटीला त्याचा वास येतो, म्हणून त्याला गरम पाणी, थोडी राख आणि ऊन एवढेच.

कोकणातल्या खरकट्याचे काही खास प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वेगळी तोड आहे. मासळीच्या भांड्याचा हिंवस वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या अल्कधर्मी संयुगाचा असतो. आम्ल लागले की हे संयुग हवेत उडत नाही आणि वास येत नाही. लिंबाचे साल किंवा वापरलेले आमसूल चोळण्यामागे हे कारण आहे. मासळीचे किंवा अंड्याचे भांडे आधी गार पाण्याने धुवावे. गरम पाण्याने त्यातली प्रथिने गोठून चिकटतात आणि मग चोथ्याला नको तेवढे काम पडते. खोबरेल तेल आणि नारळाच्या रसाचा स्निग्धांश यांचे उलटे आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे पौष-माघातल्या पहाटे आमटीच्या पातेल्याला आतून पांढरी मेणचट साय धरते. तिथे गरम पाण्याशिवाय गती नाही. भाताचे करपलेले बूड घासत बसण्याऐवजी पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून एक उकळी आणली की खापरी आपोआप सुटते.

सगळ्यात चिवट फणसाचा चीक. तो रबराच्या जातीचा असल्याने पाण्याला आणि साबणाला दाद देत नाही; विळीवर, हातावर, परातीला धरून बसतो. त्याला तेलच विरघळवते. म्हणून फणस फोडण्याआधी हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल चोळायचे, काम झाल्यावर पुन्हा तेलाच्या बोळ्याने चीक उतरवायचा आणि मग ते तेल राखेने काढायचे. हा क्रम ज्याला ठाऊक नाही त्याची परात आठवडाभर चिकट राहते.

भांडी कमी घाण करणे हा घासण्याइतकाच जुना उपाय. केळीचे पान, पत्रावळ आणि द्रोण यांनी लग्नकार्यातले ताटांचे ढिगारे वाचवले. पुढे थर्माकोलच्या ताटल्या आल्या, त्यांचा खच वहाळांत साचू लागला, आणि मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. पंगतीची ताटे टळली तरी मोठी भांडी टळत नाहीत. कोकणातल्या अनेक गावांत टोप, हंडे, परातींचा गावकीचा किंवा वाडीच्या मंडळाचा साठा असतो; लग्नाला, भंडाऱ्याला, गणपतीला तो नेतात आणि घासून परत करतात. असा टोप लाकडाच्या जाळावर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून चिखलाचा किंवा ओल्या राखेचा जाड लेप देतात. काजळी लेपावर बसते, आणि काम झाल्यावर लेपासकट खपली निघते. घासण्याची निम्मी मेहनत चूल पेटण्याआधीच वाचवणारी ही युक्ती रानातल्या मुक्कामात तितकीच कामाची आहे; तिथे माती नसेल तर बुडाला वडीचा साबण चोळला तरी चालतो.

राखेची जागा आज बहुतेक घरांत साबणवडीने घेतली आहे. नाव साबण असले तरी या वड्यांत बहुधा साबण नसतो. कृत्रिम अपमार्जक, धुण्याचा सोडा आणि घासायला खनिजाची भुकटी असते. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे तेल थेंबाथेंबाने सुटून वाहून जाते. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध मात्र ढिला आहे. फेस दिसला म्हणजे तेलाला पुरून अपमार्जक उरला एवढेच कळते. जास्त फेस म्हणजे विसळायला जास्त पाणी. पाणीटंचाईच्या गावात वडी चोथ्यावर घासून तो चोथा भांड्यावर फिरवण्याऐवजी वाटीभर पाण्यात चिमूटभर अपमार्जक विरघळवून त्यात चोथा बुडवणे फायद्याचे ठरते.

चोथ्याचीही एक बाजू आहे. जर्मनीतल्या फुर्टवांगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वापरातल्या १४ स्पंजांची तपासणी केली, तेव्हा काही ठिकाणी एका घनसेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींपर्यंत जिवाणू आढळले. नियमित उकळून वापरलेले स्पंजही त्यांत उजवे ठरले नाहीत. ओला राहणारा स्पंज कोकणातल्या दमट हवेत कधी वाळतच नाही. काथ्याचा किंवा जून घोसाळ्याच्या जाळीचा चोथा मोकळा असतो, उन्हात तासाभरात वाळतो आणि फेकायला जिवावर येत नाही. धुतलेली भांडी पुसण्याबाबतही तेच: ओलसर फडक्याने पुसण्यापेक्षा बांबूच्या ताटाळ्यात किंवा उन्हात पालथी घातलेली बरी. पावसाळ्यात मात्र ऊन नाही, म्हणून त्या चार महिन्यांत कोरडे फडके आणि चुलीची ऊब यांवर भिस्त.

किती पाणी लागते याचा हिशेब नळाच्या तोंडाशी सुरू होतो. मोरीतला नळ मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी सहज सोडतो. दहा मिनिटे सोडून ठेवला की साठ ते शंभर लिटर गेले. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या २००४ च्या पाहणीत निरनिराळ्या देशांतल्या लोकांना बारा माणसांची भांडी हाताने धुवायला दिली, तेव्हा सरासरी सुमारे १०३ लिटर पाणी लागले. भांडी धुण्याच्या यंत्राला पंधराच्या आसपास. या आकड्यावरून यंत्र नेहमीच सरस, असा निष्कर्ष विक्रेते काढतात, पण तो घाईचा आहे. पाहणीतले अनेक लोक वाहत्या नळाखाली धुणारे होते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात गरम साबणपाण्याचे एक भांडे आणि गार पाण्याचे दुसरे, अशा दोन भांड्यांच्या पद्धतीने धुणारे हात हरितगृह वायूंच्या हिशेबात यंत्राच्याही पुढे निघाले. ही दोन भांड्यांची पद्धत म्हणजे कोकणातल्या घमेले-बादलीचीच रीत आहे: पहिल्या घमेल्यात घासलेली भांडी बुडवून काढायची, दुसऱ्यात विसळायची, पहिले पाणी फार गढूळ झाले की झाडाला घालून दुसरे त्याच्या जागी सरकवायचे. आधी पेले-वाट्या, मग ताटे, शेवटी कढई आणि तवा, हा क्रम पाळला तर चौघांची भांडी पंधरा-वीस लिटरांत निघतात.

यंत्र भारतात फार उशिरा रुळू लागले. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला बायका येईनाशा झाल्या, तेव्हा शहरांत त्याची मागणी एकदम वाढली. कढई, कुकर, परात या आकारांना त्याचे कप्पे पुरत नाहीत ही तक्रार खरी आहे. जांभ्यातले पाणी सहसा मऊ असल्याने क्षारांचे पांढरे डाग इथे देशावरच्या बोअरवेलच्या पाण्याइतके पडत नाहीत. वीज गेली की मात्र यंत्र अर्ध्यात अडते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ती जातेच.

हे काम कोण करते, हा प्रश्न रसायनाइतकाच महत्त्वाचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषांची ९७. खरकट्या-उष्ट्याच्या कल्पनांनी भांड्यांचे काम आणखी खालच्या पायरीवर ढकलले. ते मोलाने करून घेतले तरी त्याचे मोल कमीच धरले गेले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण मोलकरणीचे काम अजूनही बहुतांशी तोंडी ठरते. सुटीच्या दिवसांत पाहुणे आले की भांडी वाढतात, पगार वाढतोच असे नाही.

सांडपाणी कुठे जाते यावर साबणाची निवड अवलंबून असावी. मागील दारच्या मोरीचे पाणी अळवाच्या खाचरात आणि केळींच्या बुंध्याशी सोडण्याची रीत कोकणात सर्वत्र दिसते. अळू आणि केळ दोन्ही पाण्याला हावरी झाडे; राखेतले पोटॅश केळीला मानवतेही. अपमार्जकाचे पाणी थोडे असेल तर मातीतले जिवाणू ते पचवतात. सोड्याचे पाणी रोज एकाच जागी पडले तर जमीन चिकट होते. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने शोषखड्ड्यांचा प्रसार केला. शोषखड्ड्याला चरबी सोसत नाही, तिने तो बुजतो. म्हणून मोरीच्या तोंडाशी जाळी आणि भांड्यातले तेल आधी राखेने किंवा कागदाने पुसणे, ही त्याची पूर्वअट. जांभ्यात पाणी झपाट्याने मुरते, म्हणून खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा.

घराबाहेर पडल्यावर हेच नियम अधिक कडक होतात. मिरकरवाडा बंदरातून निघालेली मासेमारीची नौका कित्येक दिवस दर्यावर राहते आणि गोडे पाणी तिथे पिण्यासाठी व शिजवण्यासाठी राखून ठेवावे लागते. भांडी समुद्राच्या पाण्यात घासतात. खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साध्या साबणाचा फेस न होता दह्यासारखा चोथापाणी होतो. अपमार्जक मात्र चालतो, आणि साबणांत खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. शेवटचा हात गोड्या पाण्याचा हवा, कारण मीठ राहिले तर स्टीललाही बारीक छिद्रे पडतात. पायी वारीत पाण्याचा भार टँकर आणि वाटेवरची गावे उचलतात, तरी दिंडीतल्या मोठ्या टोपांना राख-मातीच लागते.

खेड तालुक्यातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे भटक्यांचे आवडते त्रिकूट. अशा गडांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांचे पाणी वाहते नसते. पावसाळ्यात भरते आणि वर्षभर तेच पुरवावे लागते. टाक्याच्या काठावर घासलेल्या पातेल्याचे तेल पुढच्या पावसापर्यंत तिथेच तरंगते. पाणी कळशीत काढून टाक्यापासून निदान साठ मीटर लांब, उताराच्या खाली भांडी धुवावीत हा नियम त्यासाठी आहे. तिथे साबणाची गरजही फारशी पडत नाही. पिठल्याचे पातेले भाकरीच्या तुकड्याने पुसून तो तुकडा खाल्ला, मग चुलीतली राख आणि सुके गवत फिरवले, की पेलाभर पाण्यात काम होते.

फिरत्या घराची, म्हणजे कॅराव्हॅनची, सोय महाराष्ट्रात नवी आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय, आणि थांब्यावर पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था अशी त्यामागची कल्पना. गणपतीपुळे, वेळणेश्वर, गुहागर हा किनारा अशा प्रवासाला साजेसा आहे. गाडीच्या टाकीत सर्वसाधारणपणे शंभर-दोनशे लिटर पाणी मावते आणि त्यातच आंघोळही भागवायची असते. त्यामुळे तिथली रीत कोकणातल्या मे महिन्याच्या रितीसारखीच होते. जेवण झाल्या झाल्या ताटे कागदाने किंवा पानाने पुसायची. वाळलेल्या खरकट्याला जास्त पाणी लागते. साबणपाणी फवारणीच्या बाटलीतून मारायचे. दिवसातून एकदाच, दोन छोट्या घमेल्यांत धुवायचे. सकाळच्या चहाची भांडी तेवढी लगेच विसळायची, नाहीतर मुंग्या लागतात. भाताचा कुकर आणि माशाचे कालवण ही गाडीतल्या स्वयंपाकाची सगळ्यात महागडी जोडी: एकाला भिजत ठेवायला जागा नाही, दुसऱ्याचा वास बंद टाकीत दोन दिवसांत सबंध गाडीभर होतो. तळलेली मासळी बाहेर खाणे स्वस्त पडते.

सांडपाण्याची टाकी भरली की खरी अडचण येते. सांडपाण्याची सोय असलेला थांबा नसेल तर ती वहाळात किंवा पुळणीवर मोकळी करण्याचा मोह होतो. वाळूत पाणी मुरते, चरबी आणि अन्नाचे कण वर राहतात, आणि रात्री त्यांच्या वासाने कुत्री येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर या पुळणींवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि घरटी उकरणाऱ्यांत कुत्री आणि कोल्हे पुढे असतात. तिथे मुक्काम असेल तर जाळीत अडकलेले खरकटे पिशवीत बांधून गाडीतच ठेवावे आणि टाकी गावात शिरल्यावर, यजमानाला विचारून, त्याच्या केळींना किंवा शोषखड्ड्यात सोडावी. पावसाळ्यात जमीन आधीच पाण्याने तुडुंब असते आणि शोषखड्डा काही घेत नाही. त्या दिवसांत सांडपाण्याच्या व्यवस्थेचा थांबा आधी नक्की करूनच गाडी काढावी.